गाडगेबाबा: खराट्यापासून रुग्णांच्या धर्मशाळेपर्यंत

संत गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे झाला. हे गाव आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. दारूच्या व्यसनापायी वडील लवकर गेले. डेबूजी आईसोबत आजोळी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, गुरे राखत आणि शेतात राबत वाढले.

हाती खराटा

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मातीचे गाडगे. गावात पोहोचले की दिवसा रस्ते आणि गटारे साफ करायची, रात्री कीर्तन करायचे. दारू, कर्ज, अंधश्रद्धा आणि शिवाशीव सोडा, मुलांना शाळेत घाला, असे ते लोकांना समजावत. घाण आणि व्यसन ही आजाराची मुळे आहेत, हे त्यांनी औषधाची एकही पुडी न देता गावोगाव पोहोचवले.

रुग्णासोबत आलेल्यांचा विचार

लोकांनी दिलेल्या पैशांतून घाट, शाळा, वसतिगृहे आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. परगावी राहायची सोय नसली, तर अनेक कुटुंबे उपचार अर्धवट सोडून परततात. म्हणून ही सोयसुद्धा उपचाराचाच भाग आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ बाबांचे निधन झाले.

आपले रुग्णालय कसे पारखावे?

२०१५ पासून केंद्र सरकारच्या ‘कायाकल्प’ योजनेत सरकारी रुग्णालयांची स्वच्छता, कचऱ्याची विल्हेवाट आणि जंतुसंसर्ग रोखण्याची व्यवस्था तपासली जाते. ग्रामीण रुग्णालयेही त्यात येतात. पण झाडलेला वॉर्ड ही फक्त सुरुवात आहे. उपचाराचा खरा निकाल रुग्ण घरी गेल्यावर कळतो. शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्ग साधारण ३० दिवसांपर्यंत दिसू शकतो. म्हणून सुटी झाल्यावरही लक्ष ठेवा:

• सिझेरियनची किंवा इतर जखम लाल झाली, सुजली, तिच्यातून पू आला किंवा ताप आला, तर लगेच दाखवा.
• रक्तदाब आणि साखर ठरल्या तारखेला तपासून आकडे वहीत लिहा.
• बरे वाटले तरी क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच बंद करू नका.
• त्रास उरला असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना न लाजता सांगा.

तुम्ही परत येऊन सांगितले नाही, तर रुग्णालयाच्या कागदावर तुम्ही बरे झालेलेच राहता.