थोर गोलंदाज बाळू पालवणकर

बाळू पालवणकर हे आपल्या देशाचे फार मोठे गोलंदाज होऊन गेले. त्यांचा जन्म 1876 च्या सुमारास धारवाडला झाला. पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून पडले. वडील पुण्याला लष्करी खात्यात कामाला होते. घरची गरिबी. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले.

पुढे बाळू पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात नोकरीला लागले. मैदानावर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना चेंडू टाकायचे. पगार महिना 4 रुपये. ग्रेग नावाचे एक साहेब होते. त्यांना बाळूंनी बाद केलं की ते आठ आणे देत, असे सांगतात. मी हिशेब केला. आठ वेळा बाद केलं की एका महिन्याचा पगार! पण बॅट मात्र बाळूंच्या हातात कुणी दिली नाही. ते डाव्या हाताने फिरकी टाकत. रोज टाकून टाकून त्यांचा हात इतका तयार झाला की चेंडू सांगेल तिथे पडायचा.

मग पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळायला घेतले. साहेबांना हरवायचे म्हणून घेतले, पण बाळू चर्मकार समाजाचे होते. त्या काळी त्यांना अस्पृश्य मानत. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा देत. जेवणही वेगळे. चेंडूला विटाळ होत नाही, मग कपाला कसा होतो? हे मला काही केल्या समजत नाही. शाळेत आम्ही सगळे दुपारी एकाच पंगतीत खिचडी खातो.

1896 च्या सुमारास बाळू मुंबईला आले. पुणे-मुंबई रेल्वे तेव्हाही आमच्या बदलापूर-अंबरनाथवरून जायची, म्हणजे ते इथूनच गेले असतील. तेव्हा उल्हासनगर नव्हते. मुंबईत ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली हिंदू संघाने गोऱ्यांच्या संघाला 109 धावांनी हरवले. तेव्हा देशावर इंग्रजांचे राज्य होते, म्हणून लोकांना खूप आनंद झाला.

1911 साली सगळ्या हिंदुस्थानचा संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज होते. शिवरामही बरोबर होते. संघ 23 सामने खेळला. 15 हरला, 6 जिंकला आणि 2 अनिर्णित राहिले. पण बाळूंनी एकट्याने 114 बळी घेतले. दहा बळी म्हणजे एक संघ बाद. म्हणजे त्यांनी एकट्याने अकरा संघ बाद केले आणि वर चार गडी! लेस्टरशायरला आपण हरवले, त्यात त्यांचे 11 बळी होते. त्याच वर्षी जुलै महिन्यात कलकत्त्याला मोहन बागानच्या खेळाडूंनी फुटबॉलमध्ये गोऱ्या पलटणीला 2-1 ने हरवले. बहुतेक सगळे अनवाणी खेळले होते. 1911 साल आपल्या खेळाडूंचं फार चांगलं गेलं.

इतके करूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधार केले नाही. मला याचाच फार राग आला. 1920 साली त्यांच्या भावांनाही डावलले. तेव्हा शिवराम आणि धाकटे विठ्ठल यांनी खेळायला नकार दिला. लोक त्यांच्या बाजूने बोलू लागले. मग जिमखान्याला नमते घ्यावे लागले. भाऊ परत आले आणि बाळू उपकर्णधार झाले. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने गोऱ्यांना हरवून चौरंगी सामने जिंकले. थोरल्याला मिळाले नाही ते धाकट्याला मिळाले.

1955 साली मुंबईत बाळू पालवणकर वारले. ते चिडून खेळ सोडून गेले नाहीत, हे मला सगळ्यात आवडले. कर्णधार निवडताना कोण कुणाचा ते बघू नये, कोण कसा खेळतो ते बघावे. आमच्या वर्गाचा संघ निवडताना मी हेच सांगणार आहे.

– इयत्ता चौथी, जिल्हा परिषद शाळा, ता. अंबरनाथ, जि. ठाणे