हाइनरिश व्योल्फलिन

हाइनरिश व्योल्फलिन (जन्म : २१ जून १८६४, विंटरथुर, स्वित्झर्लंड; मृत्यू : १९ जुलै १९४५, झ्युरिक) हे स्विस कला-इतिहासकार होते. चित्र, शिल्प व वास्तू यांच्या रूपाचे वर्णन करण्यासाठी त्यांनी नेमक्या संज्ञांची व्यवस्था उभी केली. कलाकृती डोळ्यांना कशी दिसते हे सांगणारे शब्द आणि तिची प्रतवारी करणारे शब्द यांत त्यांनी भेद केला. आधुनिक कला-इतिहासाच्या प्रमुख संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते.

जीवन

व्योल्फलिन यांचे वडील एडुआर्ड हे अभिजात भाषांचे विद्वान होते. लॅटिन भाषेच्या बृहद्कोशाचा प्रकल्प उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता. हाइनरिश यांचे शिक्षण बासेल, बर्लिन व म्युनिक येथे झाले. बासेलमध्ये इटलीतील प्रबोधनकाळाचे इतिहासकार याकोब बुर्कहार्ट त्यांना गुरू म्हणून लाभले.

१८८६ मध्ये म्युनिक विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी वास्तूच्या मानसशास्त्राचा विचार केला. दगडविटांची निर्जीव इमारत आपल्याला भारदस्त, हलकी किंवा अस्वस्थ का वाटते, हा त्यातील मूळ प्रश्न होता. आपल्याला स्वतःचे शरीर आहे, भार व तोल आपण स्वतः अनुभवतो आणि त्या अनुभवातूनच वास्तूचे रूप जाणतो, असे उत्तर त्यांनी दिले. एखाद्या काळाची रूपदृष्टी मोठ्या वास्तूंप्रमाणे रोजच्या वापरातील वस्तूंतही उमटते, हे दाखवताना त्यांनी गॉथिक काळातील टोकदार पादत्राणांचा दाखला दिला.

१८९३ मध्ये बुर्कहार्ट यांच्यानंतर ते बासेल येथे प्राध्यापक झाले. पुढे १९०१ पासून बर्लिन, १९१२ पासून म्युनिक आणि १९२४ पासून झ्युरिक येथे त्यांनी अध्यापन केले. १९३४ मध्ये ते निवृत्त झाले.

'बरोक' या शब्दाचा प्रश्न

व्योल्फलिन यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी तत्कालीन कलासमीक्षेची भाषा लक्षात घ्यावी लागते. बेढब मोत्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दाशी 'बरोक' या शब्दाचा संबंध जोडला जातो. प्रबोधनकाळानंतरच्या कलेला तो निंदाव्यंजक विशेषण म्हणून लावला जाई. त्यामुळे सतराव्या शतकातील कलेचे नाव घेताच तिच्याविरुद्ध निकाल लागलेला असे. तिचे निरीक्षण करण्याची गरजच उरत नसे.

'प्रबोधन आणि बरोक' (१८८८) या ग्रंथात व्योल्फलिन यांनी या शैलीचा पद्धतशीर अभ्यास केला. तरीही तेथे बरोककडे विघटनाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रभाव शिल्लक होता. 'अभिजात कला' (१८९९) आणि आल्ब्रेख्त ड्युररवरील ग्रंथ (१९०५) यांनंतर, १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कला-इतिहासाच्या मूलभूत संकल्पना' या ग्रंथात त्यांची भूमिका स्पष्ट झाली : बरोक ही अभिजात कलेची अवनती नाही, ती पाहण्याची वेगळी पद्धत आहे.

पाच संकल्पना-जोड्या

या ग्रंथात सोळाव्या व सतराव्या शतकांतील कलेची तुलना पाच जोड्यांच्या आधारे केली आहे. प्रत्येक जोडीतील पहिली संज्ञा अभिजात कलेला व दुसरी बरोक कलेला लागू होते.

१. रेखाप्रधान व रंगछटाप्रधान : पहिल्या प्रकारात बाह्यरेषा वस्तूला स्पष्टपणे वेगळी करते, दुसऱ्यात कडा छायाप्रकाशात विरघळतात. ड्युरर व रेम्ब्रँट ही याची ठळक उदाहरणे होत.
२. प्रतल व खोली : आकृत्या चित्रपृष्ठाला समांतर थरांत मांडलेल्या असतात, किंवा नजरेला तिरकस आत ओढून नेतात.
३. बंदिस्त व मुक्त रचना : चित्र चौकटीत स्वयंपूर्ण असते, किंवा चौकटीबाहेर पसरत असल्यासारखे भासते.
४. अनेकता व एकता : प्रत्येक भाग स्वतंत्रपणे उठून दिसतो, किंवा सर्व भाग एका प्रमुख प्रवाहात विलीन होतात.
५. निरपेक्ष व सापेक्ष स्पष्टता : प्रत्येक आकार पूर्णपणे उघड केलेला असतो, किंवा काही भाग अंधारात, अर्धवट सूचित ठेवलेला असतो.

'अंतिम भोजन' या एकाच विषयावरील दोन चित्रांवरून हा भेद ध्यानात येतो. मिलान येथील लिओनार्दो दा विंचीच्या भित्तिचित्रात मेज चित्रपृष्ठाला समांतर असून ख्रिस्त मध्यभागी आहे. व्हेनिसच्या सान जॉर्जो माज्जोरे चर्चमधील तिंतोरेत्तोच्या चित्रात मेज तिरके आत जाते आणि आकृत्या अंधारातून प्रकाशात येतात. 'भव्य' किंवा 'सुंदर' ही विशेषणे दोन्ही चित्रांना लावता येतात. पण त्यांतील फरक त्यांतून कळत नाही. वरील संज्ञांनी तो सांगता येतो.

अध्यापन व प्रभाव

व्याख्यानात दोन प्रक्षेपकांच्या साहाय्याने दोन कलाकृती पडद्यावर शेजारी-शेजारी दाखवण्याची पद्धत व्योल्फलिन यांनी लोकप्रिय केली. तुलनेमुळे विद्यार्थ्याला निरीक्षणासाठी योग्य शब्द शोधावाच लागे. आधुनिक वास्तुकलेचे भाष्यकार झिगफ्रीड गिडिऑन हे त्यांचे विद्यार्थी होते.

टीका

व्योल्फलिन यांच्या पद्धतीत कलाकृतीचा विषय, तिचा आश्रयदाता व सामाजिक परिस्थिती यांना गौण स्थान मिळते, हा तिच्यावरील प्रमुख आक्षेप आहे. एर्विन पानोफ्स्की यांनी १९१५ मध्येच रूप आणि आशय यांची अशी फारकत करण्यास हरकत घेतली. एर्न्स्ट गोम्ब्रिख यांच्या मते, या जोड्या वरवर तटस्थ असल्या तरी त्यांत अभिजात कला हाच मानदंड दडलेला आहे. दोन शैलींच्या मधल्या काळातील रीतिवादी कलाही या द्वंद्वांत नीट बसत नाही.

या मर्यादा मान्य करूनही व्योल्फलिन यांच्या संज्ञा अभ्यासक्रमांत टिकून आहेत. त्यांच्यावरील आक्षेपही रचना, खोली, स्पष्टता अशा रूपवाचक शब्दांच्या आधारेच मांडावे लागतात. कलाकृतीविषयी मत देण्यापूर्वी तिच्यात दिसणारे नेमक्या शब्दांत सांगावे, ही शिस्त त्यांनी या विषयाला लावली.