गाठी मारलेल्या दोरीने डग्लस मॉसन कसे वाचले?

ऑस्ट्रेलियाच्या जुन्या १०० डॉलरच्या नोटेवर डग्लस मॉसन (१८८२-१९५८) यांचा चेहरा होता. ते भूगर्भशास्त्रज्ञ, पण मायनिंग इंजिनीअरिंगही शिकलेले.

१४ डिसेंबर १९१२. अंटार्क्टिकात त्यांचे सहकारी निनिस कुत्र्यांच्या स्लेजसह बर्फाच्या भेगेत कोसळले. सर्वात दणकट कुत्रे, तंबू आणि बहुतेक अन्न त्याच स्लेजसोबत गेलं. उरलेले कुत्रे मारून खावे लागले. जानेवारीत दुसरे सहकारी मेर्ट्झही गेले.

मॉसन एकटेच अर्धी कापलेली स्लेज ओढू लागले. १७ जानेवारीला तेही भेगेत पडले. स्लेज वर बर्फात अडकली, म्हणून ते १४ फूट दोरीवर लटकले. दोरीला गाठी होत्या. उपाशी माणसाच्या हाताला गुळगुळीत दोरीवर पकड मिळाली नसती. इतका साधा फरक! काठाशी पोहोचले, तर काठच तुटला. पुन्हा खाली. दुसऱ्यांदा मात्र ते वर आले.

मग त्यांनी दोरीची शिडी केली: एक टोक स्लेजच्या पुढच्या भागाला, दुसरं अंगावरच्या पट्ट्याला. पुढे भेगेत पडल्यावर ती वापरावीही लागली.

८ फेब्रुवारीला ते तळावर पोहोचले. जहाज काही तासांपूर्वीच निघून गेलं होतं. त्यांच्यासाठी सहा जण मागे थांबले होते.