गणिताने दूषित विहीर शोधणारा डॉक्टर

कॉलराची साथ आलेलं भारतातलं एक खेडं. घरं २२३. त्यातल्या १६८ घरांत एकही रुग्ण नाही. ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन आणि एका घरात चार. एवढ्याच आकड्यांवरून साथीचं मूळ सांगता येईल?

डॉ. अँडरसन मॅकेंड्रिक यांनी ते सांगितलं.

त्यांचा जन्म १८७६ चा, एडिनबराचा. १९०० साली ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले. मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्यासोबत १९०१ मध्ये सिएरा लिओनला गेले आणि तिथून त्यांना गणिताची गोडी लागली. पुढे ते कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होते.

१९११ मध्ये त्यांनी एम. केशव पै यांच्यासोबत जंतूंच्या वाढीचं समीकरण मांडलं. आधी झपाट्याने वाढ, मग अन्न कमी पडलं की संथ. पण हे सरासरीचं गणित होतं.

समजा, वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्यात एका घरी दोन शेळ्या आहेत. सरासरी म्हणते, वर्षभरात चार होतील. प्रत्यक्षात एकाच्या सहा होतात, शेजाऱ्याच्या दोन्ही दगावतात. शेळ्या लाखभर असतील तर असे चढउतार एकमेकांत जिरून जातात. दोनच असतील तर योगायोगच सगळं ठरवतो.

१९१४ च्या शोधनिबंधात मॅकेंड्रिक यांनी हा योगायोगच समीकरणात आणला. संख्या किती होईल हे न विचारता, अमुक संख्या होण्याची शक्यता किती, हे ते मोजू लागले.

आजारपणामुळे १९२० मध्ये ते मायदेशी परतले. १९२६ मध्ये त्यांनी त्या खेड्याचं गणित छापलं. केवळ योगायोगाने रुग्ण असे विखुरले असतील, तर दूषित पाणी पिणारी घरं ९३ च्या आसपास असावीत, असं उत्तर आलं. म्हणजे ५५ घरांत आजार शिरला, सुमारे ३८ घरं ते पाणी पिऊनही नशिबाने वाचली. उरलेल्या घरांचं पाणी दुसरीकडचं असणार. गावात चौकशी केली तेव्हा खरंच एक दूषित विहीर सापडली. वस्तीतला एक भाग तिचंच पाणी भरत होता.

१९२७ मध्ये अंध रसायनशास्त्रज्ञ विल्यम करमॅक यांच्यासोबत त्यांनी साथीचं मॉडेल दिलं आणि ते मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगच्या आकड्यांवर ताडून पाहिलं. कोरोनाकाळातले अंदाज याच मॉडेलच्या पायावर उभे होते.

मॅकेंड्रिक १९४३ मध्ये गेले. करमॅकसोबतचं मॉडेल गाजलं. योगायोगाचं गणित मात्र बराच काळ मागे पडलं आणि इतरांनी ते नव्याने शोधलं. आज मोजकेच वाघ उरलेल्या जंगलाचं किंवा दोनचार रुग्णांच्या साथीचं भवितव्य त्याच गणिताने तपासतात. तिथे सरासरी पुरत नाही.