शकील बदायुनी : हळव्या गीतांमागची तालीम



रेडिओवर जुनी चित्रपटगीते लागली की शकील बदायुनी हे नाव तुमच्या कानावर पडतेच. प्रेमाचा आणि विरहाचा शायर म्हणून ते घराघरांत पोहोचले. पण त्या हळव्या गीतांमागे केवढा अभ्यास होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

शकील साहेबांचा जन्म ३ ऑगस्ट १९१६ रोजी आजच्या उत्तर प्रदेशातील बदायूँ येथे झाला. वडिलांनी त्यांना घरीच अरबी, फारसी, उर्दू आणि हिंदी शिकवण्याची व्यवस्था केली. १९३६ मध्ये ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात दाखल झाले. तेथील मुशायरे त्यांनी गाजवले, पण शायरीच्या नादात शिक्षण सोडले नाही. बी. ए. होऊन त्यांनी दिल्लीत सरकारी पुरवठा खात्यात नोकरी धरली.

त्या काळी अनेक तरुण शायर क्रांतीची आणि शोषणाविरुद्धची कविता लिहीत होते. शकील मात्र मनाच्या सुखदुःखावरच लिहीत राहिले. पुढे ते मुंबईस आले. १९४७ च्या 'दर्द' चित्रपटातील गीतांनी त्यांचे नाव झाले आणि संगीतकार नौशाद यांच्याशी जन्माची जोडी जमली.

१९५२ मध्ये 'बैजू बावरा' आला. त्यातील मालकंस रागातले भजन आजही मंदिरांत गायिले जाते. ते लिहिले शकील यांनी, चाल दिली नौशाद यांनी आणि गायिले महंमद रफी यांनी. तिघेही मुसलमान! लहानपणी घरी शिकलेली हिंदी अशी कामी आली. 'मदर इंडिया' (१९५७) आणि 'गंगा जमुना' (१९६१) साठी त्यांनी खेड्यातली बोली वापरली, तर 'मुगल-ए-आझम' (१९६०) साठी दरबारी उर्दू.

'चौदहवीं का चाँद', 'घराना' आणि 'बीस साल बाद' या चित्रपटांतील गीतांसाठी त्यांना लागोपाठ तीन वर्षे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. या तिन्हींचे संगीत नौशाद यांचे नव्हते, हे ध्यानात घ्या. त्यांची लेखणी स्वतःच्या बळावरही तितकीच समर्थ होती.

पुढे क्षयाने गाठले. ते पाचगणीला उपचार घेत असताना नौशाद यांनी गीतलेखनाचे काम त्यांच्यापर्यंत नेले आणि मैत्री निभावली. २० एप्रिल १९७० रोजी मुंबईत, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पालकहो, मूल कविता लिहू लागले तर त्याला दटावू नका. मात्र त्याचा अभ्यासही सुटू देऊ नका. आणि मुलांनो, घरात उर्दू असो वा दखनी वा कोकणी, शाळेतील मराठी, हिंदी, इंग्रजी परकी मानू नका. जी भाषा मनापासून शिकाल, ती बोलणारी माणसे तुम्हाला आपले मानतील. शकील साहेबांना हे भाग्य लाभले, ते याच तालमीमुळे.