शाहू महाराज आणि आपलं बोर्डिंग

राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर बसले. अमेरिकेत गुलामी कायद्यानं संपून तेव्हा जवळपास तीस वर्षं झाली होती, तरी दक्षिणेत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्याच होत्या. महाराजांनी दुसरी वाट धरली. १८९५ मध्ये शाहूपुरी वसवून गुळाचा व्यापार वाढवला. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. मुस्लिम मुलं शिक्षणात मागं पडत होती, म्हणून १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग काढलं. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच वर्गात बसवलं. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. दसरा चौकातनं जाताना मुलांना बोर्डिंग दाखवा. ते कुणी आणि का उभं केलं, तेही सांगा.