पोरका मुलगा इमाम झाला

इस्लामी कायद्याच्या चार प्रमुख सुन्नी परंपरांपैकी एक ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते इमाम शाफई (रह.) लहानपणीच पितृछत्राला पारखे झाले. त्यांचा जन्म इ. स. ७६७चा, गाझातला. वडील गेल्यावर आई लहानग्याला घेऊन मक्केला आली. उस्तादांची फी द्यायला तिच्याकडे पैसे नव्हते. पण उस्ताद नसताना हा मुलगा इतरांना शिकवतो, हे पाहून त्यांनी फी सोडून दिली. कागद परवडत नसे, तेव्हा तो हाडांवर लिही. सातव्या वर्षी कुराण मुखोद्गत झाले. पुढे मदिनेत इमाम मालिक यांनी त्यांना शिष्य केले. नंतर येमेनमध्ये नोकरी लागली आणि ते स्वतःच्या पायावर उभे राहिले. ८२० मध्ये इजिप्तमध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या कोकणातले बहुतेक मुस्लिम आजही शाफईच आहेत.

रमजानमध्ये आपण अनाथ मुलांना ईदचे कपडे देतो. वर्षभरात ते तोकडे होतात. त्यापेक्षा एखाद्याची फी भरावी आणि तो कमावता होईपर्यंत त्याची विचारपूस सोडू नये. त्या उस्तादांनी केले, ते एवढेच.